आईच्या उजव्या मनगटावरचा पट्टा

आईला चालतं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी थायलंडातल्या राचबुरीच्या पाणीपुरवठा कचेरीत मीटर विभाग सांभाळतो. घरात मोजमापाचं काही निघालं की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळतात. बायको उराई शाळेत शिकवते, रोज वर्गभर पोरं मोजते, पण ते मोजमाप आमच्या घरात कोणी धरत नाही.

आई पावसात मागच्या पायरीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊन धातूचा सांधा बसला. हे सगळं एका वाक्यात उरकतो, कारण त्यात माझी काही चूक नव्हती. माझ्या चुका आई घरी आल्यावर सुरू होतात.

इस्पितळातून घरी सोडताना पिमचनोक नावाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने माझ्या हातात घड्याळासारखा दिसणारा एक काळा रबरी पट्टा ठेवला. "खुबा मोडलेली म्हातारी माणसं इथे सगळी चालतात, काका," ती म्हणाली. "घरी गेली की खुर्चीत बसतात ती बसतातच. हा पट्टा पावलं मोजेल. आकडा तुमच्या फोनवर दिसेल आणि आम्हालाही कळेल. ज्या हाताने त्या कमी काम करतात, त्या हाताला बांधा. आणि पट्टा काही त्यांना चालवणार नाही हं, रोज तुम्ही शेजारी उभं राहायचं."

शेवटचं वाक्य मी मान हलवून ऐकलं. मान हलवून ऐकलेलं मला सहसा आठवत नाही.

कमी कामाचा हात म्हणजे आईचा डावा. पण डाव्या मनगटावर विहाराच्या मुख्य भिक्षूंनी मंतरून दिलेला पांढरा धागा होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मीच तो बांधला होता. मंतरलेल्या धाग्याला रबर घासणार, वर त्या पट्ट्यावर कुठल्या कुठल्या म्हाताऱ्यांचा घाम. शेजारच्या सायबुआमावशींना विचारलं. त्या आमच्या गल्लीच्या आरोग्यसेविका. जांभळा सदरा घालून घरोघर रक्तदाब मोजत फिरतात. त्यांनी पट्टा हुंगला आणि म्हणाल्या, "धाग्याजवळ नको. उगाच पाप कशाला. माणसाला दोन हात दिलेत ते अशाच वेळेसाठी." मी पट्टा उजव्या मनगटावर बांधला. आपण शास्त्र आणि धर्म दोघांचीही सोय लावली असं मला त्या वेळी वाटलं होतं.

आता थोरली बहीण. पी रम्पा, आमच्याकडे पी म्हणजे ताई, बँकॉकला सोळाव्या मजल्यावर राहते आणि तिचं बोलणंही साधारण तेवढ्याच उंचीवरून येतं. तिने फोनवर सांगितलं, "वर्षावास संपेपर्यंत आई आपली आपण चालायला लागली तर राहू दे तिथे. नाही तर मी घेऊन जाते. खोली रिकामी केली आहे. न्हाणीघरात धरायला दांड्यासुद्धा बसवल्या."

आई तिच्याकडे एकदा आठवडाभर राहून आली होती. "तिथे खिडकीतून पक्ष्यांच्या पाठी दिसतात," ती मला म्हणाली. "मला पक्ष्यांच्या पाठी बघत मरायचं नाही, जाड्या."

मी खात्याचा अधिकारी आहे, माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण आईने लहानपणी ठेवलेलं नाव आमच्याकडे जन्मभर पुरतं. मी तिला शब्द दिला. आई कुठेही जाणार नाही.

पहिली मोहीम वॉकरची. नगरपालिकेच्या ज्येष्ठ केंद्रात उसने वॉकर मिळतात. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजींना स्वतः यावं लागेल. गरज आहे का ते बघतो आम्ही."

"त्यांना चालता येत नाही म्हणून तर वॉकर हवाय."

"मग चाकाची खुर्ची मागा. तिच्यासाठी यावं लागत नाही."

"पण त्यांना चालवायचं आहे."

"चालवायचं आहे म्हणजे चालता येतं. मग आणा की."

सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला मी आयुष्य काढलं आहे, त्यामुळे या उत्तरातला रेखीवपणा मला दिसत होता. बाहेरच्या बाजूने तो मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी समोरचे चुएनकाका, जे रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांना सगळीकडे एक ओळखीचा माणूस असतो, त्यांनी कुठून तरी वॉकर आणून दिला. सोबत सल्लाही दिला: रोज पहाटे आईचे पाय ओल्या वाळूत पुरून ठेवायचे, त्याने हाड ओढलं जातं. सायबुआमावशींचं म्हणणं पडलं की आधी पलंगाची दिशा बदला, डोकं पश्चिमेला आहे, अशाने घोडासुद्धा चालणार नाही. मी पलंग फिरवला. वाळूचं टाळलं. पलंग फिरवल्यामुळे आईला संडास आणखी लांब पडला, हे नंतर लक्षात आलं.

माझी कामाची पद्धत शिस्तीची होती. कचेरीतून आलो की चपला काढायच्या, फोन उघडायचा आणि आईसमोर आकडा वाचायचा. आई माझ्या तोंडाकडे पाहत बसायची.

"एवढेच?" मी म्हणायचो.

"उद्या बघते."

"काल जास्त होते."

"काल पाऊस नव्हता."

"घरात कुठे पाऊस पडतो, आई?"

मी आकडा पी रम्पाला पाठवायचो. तिकडून फक्त अंगठा यायचा, तोही आडवा वाटावा असा.

मग चुएनकाकांच्या नातवाच्या दीक्षेचा दिवस आला. वर्षावासाच्या, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, आधी तरुण पोरं भिक्षू होतात, त्याचं जेवण अख्खी गल्ली रांधते, आणि रश्श्याचं वाटण आमच्या घरातून जातं. ते आईचं खातं. सुक्या मिरच्या, गवती चहा, कोळिंजन, लसूण, आंबवलेला जवळा, सगळं दगडी खलबत्त्यात कुटायचं. आमच्या भागात पूर्वी सुना बत्त्याच्या आवाजावरून निवडत. उराई मला सांगून आली तेव्हा आईने भिंतीआडून तिचं कुटणं ऐकलं होतं आणि निकाल दिला होता: "चालेल. जरा घाईची आहे." उराईला तो निकाल अजून तोंडपाठ आहे.

तर आईला खुर्चीत बसवलं, पुढ्यात ठोकळ्यावर खलबत्ता ठेवला, आणि सकाळभर तिने पाहुण्यांपुरतं वाटण कुटलं. संध्याकाळी मी फोन उघडला तर आकडा असा काही वर गेला होता की मी चष्मा पुसला.

"आई! आज काय केलंस तू?"

"काही नाही," आई म्हणाली. "नेहमीचंच."

मी त्याच पावली बाजारात जाऊन तिच्या आवडीचे ताडाच्या गराचे उकडलेले केक आणले. आईने एक उचलला, माझ्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि मग कोपऱ्यातल्या खलबत्त्याकडे बराच वेळ पाहत राहिली. तिचं जेवण झालं असेल म्हणून मी डबा बंद केला.

त्यानंतर आकडा रोज वाढत गेला. माझ्या शिस्तीला फळ आलं म्हणून मी खूश. घरात दोन्ही वेळा रस्सा होऊ लागला. लाल वाटण, हिरवं वाटण, मासळीचं वाटण. फ्रीज भरला तेव्हा वाटण गल्लीत जाऊ लागलं. सायबुआमावशी रक्तदाब मोजायला येताना रिकामी बरणी घेऊन येत. चुएनकाकांनी वाळूचा विषय सोडला आणि "आजींची तब्येत छान दिसते" असं म्हणू लागले. वॉकरवर टॉवेल वाळू लागले. मी त्याचा अर्थ असा लावला की आईला आता वॉकर लागत नाही.

पी रम्पाला मी रोज सकाळी कमळाच्या चित्रावर आईचा आकडा लिहून पाठवू लागलो. तिचा अंगठा सरळ झाला. कचेरीतही विषय निघू लागला, म्हणजे मी काढू लागलो. याच सुमारास एक गृहस्थ तक्रार घेऊन आले: नळाला पाणी नाही, नुसती हवा येते, आणि मीटर मात्र गरगर फिरतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं, "काका, मीटरला खोटं बोलून काय मिळणार आहे?" ते गृहस्थ मला नमस्कार करून गेले. आमच्याकडे माणसं पटलं नाही की नमस्कार जरा जास्त खाली वाकून करतात.

पिमचनोकचा फोन आला. ती पंधरवड्यातून एकदा घरी येऊन आईला चालवून बघणार होती, ते आता थांबवत आहेत. "आजींचा आकडा आमच्या सगळ्यांत वर आहे, काका. माणसं कमी आहेत, ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे आधी जावं लागतं."

"जरूर जा," मी उदारपणे म्हणालो.

उराई भात वाढत होती. तिने पळी खाली ठेवली. "आईंना चालताना तुम्ही बघितलंत?"

"आकडा आहे ना."

"मी आकड्याचं नाही विचारलं."

"मी कचेरीत असतो, उराई. म्हणून तर पट्टा आहे."

तिने मला आणखी रस्सा वाढला. आमच्या लोकांत भीड फार. समोरचा माणूस खुशीत असला की त्याची खुशी मोडायची नाही. फारच झालं तर त्याला जेवायला वाढायचं. त्या पावसाळ्यात मला जिथे तिथे जेवायला वाढत होते.

वर्षावास संपत आला. शेवटच्या दिवशी टेकडीवरच्या विहारातून भिक्षू एका रांगेत पायऱ्या उतरतात आणि खाली गाव दुतर्फा उभं राहून त्यांच्या पात्रात भिक्षा घालतं. या वर्षी हाड मोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी मंडपातून चालत जाऊन पहिली भिक्षा घालायची असं आरोग्य केंद्राने ठरवलं. सगळ्यांच्या पुढे आमची आई. मी कचेरीतल्या साहेबांना बोलावलं. पी रम्पाला कळवलं, ती नवऱ्याची गाडी घेऊन आली. आई आठवडाभर एवढंच म्हणत होती, "माझं तिथे काय काम? सायबुआ घालेल की माझी भिक्षा." मी म्हणालो, आई, लाजतेस कशाला.

त्या दिवशी मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. निवेदकाने आईचं नाव घेतलं, माझंही घेतलं. ढोल वाजला. वरून भगव्या चीवरांची रांग उतरायला लागली. आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. उठली ती ताठ उठली, कारण दंडात चांगलीच ताकद आली होती. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकायला गेली आणि पाय थरथरू लागला. तिने आजूबाजूला धरायला काही शोधलं. काही नव्हतं, कारण वॉकर मी मुद्दाम घरी ठेवला होता.

आई मंडपाच्या मधोमध उभी राहिली. रांगेतले पहिले वृद्ध भिक्षू तळाच्या पायरीवर थांबले. पहिली भिक्षा तिची, ती ओलांडून कसं जाणार. त्यांच्यामागचे थांबले. त्यांच्यामागचेही. बघता बघता टेकडीच्या माथ्यापर्यंत सगळा संघ उन्हात खोळंबला. ढोलवाल्याला काय करावं ते कळेना, म्हणून तो हळूहळू वाजवत राहिला. पिमचनोक कडेला उभी होती. ती पायाकडे पाहत होती, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. साहेब आकाशाकडे पाहत होते. आपल्या आईला आधार द्यायला धावावं की निवेदकाला काही खुलासा करावा, यात मी काही क्षण घालवले. हे लिहितानाही कान तापतात.

धावली ती उराई. आईला धरून तिने खाली बसवलं. निवेदकाने गोंधळून ध्वनिक्षेपक आईच्या पुढ्यात धरला. आई श्वास सावरून म्हणाली, "सकाळपासून पोराने फार चालवलंय मला. म्हणून थकले. पोर फार कष्ट घेतं माझ्यासाठी."

सगळा मंडप 'हो, हो' म्हणाला. सायबुआमावशींनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. भिक्षूंनी खुर्चीपाशी येऊन भिक्षा घेतली आणि रांग पुढे सरकली.

घरी आल्यावर मी मागच्या ओट्यावर जाऊन बसलो. पट्टा बिघडलाय असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पिमचनोकला जाब विचारायचा होता. फोन उघडून हातात धरला. आत स्वयंपाकघरात आईने लेकीसाठी वाटण करायला घेतलं. ठक, ठक, ठक. फोनवरचा आकडा वाढला. बत्ता थांबला, बहुधा मिरच्या घालायला. आकडा थांबला. ठक, ठक. आकडा पुढे सरकला.

दारात उराई हात पुसत उभी होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"गल्लीला माहीत आहे."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही किती खुशीत होता." ती म्हणाली, "आणि आईंनी हात जोडले होते मला. म्हणाल्या, चालायची भीती वाटते ग, पुन्हा पडेन असं वाटतं. पण आकडा कमी दिसला की जाड्याचं तोंड एवढंसं होतं, आणि मग रम्पा मला नेईल. रात्री हात दुखायचा त्यांचा. मी तेल लावून द्यायची."

मी आईचा हात कधी पाहिला नव्हता. फक्त मनगट पाहिलं होतं, तेही फोनवर.

तेवढ्यात पी रम्पा ओट्यावर आली आणि उराईला म्हणाली, "जरा आम्हाला बोलू दे." उराई आत गेली. पी रम्पा माझ्या शेजारी बसली, असं ती कधी बसत नाही. आता बँकॉक, मी मनात म्हटलं. तिला सगळं खरं सांगून टाकायला हवं होतं.

"मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," ती म्हणाली.

मी फोन खिशात टाकला.

"नदीचं पाणी गल्लीत शिरलं होतं, तेव्हासुद्धा आकडा वर. मी यांना म्हटलं, एवढं तर मी चालत नाही. पट्टा जाड्याने स्वतःच्या हाताला बांधलाय. आईला नेऊ नये म्हणून रोज फिरतोय तो, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा स्कूटर काढणारा माणूस." तिने नाक ओढलं. "लहानपणी स्वतःच्या ताटातला घास कधी दिला नाहीस मला. म्हटलं, आईसाठी एवढं करतोय तर खोटं का असेना, बोलायचं नाही. मनातून फार बरं वाटलं होतं रे."

आत बत्त्याचा आवाज थांबला होता.

"तू एवढं करत असशील तर ती इथेच राहू दे. पण आता ते पट्ट्याचं बस. आता तिला खरंच चालव. आणि खरं सांग, तूच बांधत होतास ना?"

खरं सांगितलं असतं तर असं सांगावं लागलं असतं: नाही ताई, मी काहीच करत नव्हतो, मी नुसता आकडा वाचत होतो. आणि आईची पिशवी संध्याकाळपर्यंत गाडीत गेली असती. आयुष्यात माझी कोणी एवढी स्तुती केली नव्हती, आणि तिच्यातला एकही शब्द माझा नव्हता. लबाड म्हणवून घ्यायला मिळालं तर बरं, अशी पाळी आली होती, कारण मी खरा जो होतो त्याला तेवढंही नाव नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो तिथेच राहिला, ती काढेना.

जेवण झालं, रस्सा अर्थातच उत्तम झाला होता, आणि पी रम्पा निघाली. लेक जाताना आईने फाटकापर्यंत यायचं ही आईची जुनी रीत. पडल्यापासून ती मोडली होती. मी खुर्चीजवळ गेलो.

"आई, येतेस?"

"भीती वाटते."

"मी आहे शेजारी."

"तू कधीपासून?" ती म्हणाली, पण उठली. मी वॉकरवरचे टॉवेल काढायला वळलो तर तिने माझा दंडच पकडला. बत्ता धरलेल्या त्या बोटांची खूण पुढे दोन दिवस दंडावर होती. एक पाऊल, मग थांबणं, मग एक पाऊल. अंगण मला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. समोर चुएनकाका आधीच ओल्या असलेल्या कुंड्यांना पाणी घालत होते आणि मुळीच इकडे पाहत नव्हते. सायबुआमावशी बंद दाराशी कुलूप चाचपत उभ्या होत्या.

फाटकाशी पोचलो तर पी रम्पा गाडीचं दार धरून त्या दोघांना सांगत होती, "या माझ्या भावाने, ऐका, आई इथेच राहावी म्हणून रोज पट्टा स्वतःच्या हाताला बांधून पायपीट केली. कोणाला कळू दिलं नाही."

सायबुआमावशींकडे आमच्या आईच्या वाटणाच्या सहा-सात बरण्या असतील. त्यांनी कुलूप सोडलं, हात जोडले आणि माझ्यासमोर चांगल्या वाकल्या. "असा मुलगा मिळायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. चुएनकाकांनी झारी खाली ठेवली. "आम्ही बघायचो की," ते म्हणाले. "रोज फिरताना. पावसातसुद्धा."

मी दोघांनाही नमस्कार केला. माझी मान खाली गेली, मग खांदे, आणि डोळ्यांसमोर फक्त माझी पावलं राहिली.

दंडावरची बोटं घट्ट झाली.

"ताठ उभा राहा, जाड्या," आई हळूच म्हणाली. "तू वाकलास तर मी पडेन."